नवतप्यातली एक पुडी

“आ करा. अजून. काका, अजून मोठा आ करा, मला आतलं काहीच दिसून नाही राहिलं.”

डॉक्टर ओरडत होता, पण त्याचाही इलाज नव्हता. दातांच्या त्या दवाखान्यातला कूलर बहुधा विमानाच्या कारखान्यातून उचलून आणला होता. आतल्या पेशंटची बोंब बाहेरच्या रांगेला ऐकू जाऊ नये, एवढ्याचसाठी तो तिथं असावा. गार हवा तो देत नव्हताच. नुसता गर्जत होता आणि खुर्चीवर शेषरावजी आ करत होते.

करत होते म्हणजे, त्यांच्या परीनं. मानेच्या शिरा सुतळीसारख्या फुगल्या होत्या, डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं होतं, आणि एवढ्या सगळ्या मेहनतीनं तोंड उघडलं होतं दीड बोट.

डॉक्टरनं स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दाखवली. “इतकं उघडायला पाहिजे. आपलीच तीन बोटं आपल्या तोंडात उभी गेली पाहिजेत. बघा बरं घालून.”

शेषरावजींनी आपली बोटं पाहिली. आमच्या कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं काचेची भांडी धुऊन ती कायमची पांढुरकी झाली होती. एक आत गेलं. दुसरं नखापाशी अडलं.

“कधीपासून आहे हे?”

“असन एखादं वर्ष.”

“वर्ष? मग इतके दिवस आले काहून नाही?”

शेषरावजींनी खुर्चीवर पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं.

“काम होतं,” ते म्हणाले.

नवतपा पुन्हा आला आहे, म्हणून हे सगळं वर आलं. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो, मे संपता संपता सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि पुढचे नऊ दिवस आमच्या गावाशी त्याचं काही जुनं वैर असल्यासारखा वागतो. या नऊ दिवसांत आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात नुसती पत्ती टाकली की चहा होतो. साखर वेगळी गरम करावी लागत नाही. एका वर्षी माझ्या स्कूटरच्या सीटवर बसलेली माशी मी स्वतः पाहिली आहे, ती उडाली तेव्हा तिचे पाय सीटवरच राहिले होते. लोक हसतात. हसू द्या. पायाचं खोटं असेल, पण सीट खरी आहे. दुपारी बाराला गाव असं ओस पडतं की वाटावं, सगळे मिळून कुठं तरी निघून गेले आणि आपल्याला सांगायचं राहिलं. डांबराचा वास, कूलरच्या ओल्या गवताचा वास, खिशात लू लागू नये म्हणून ठेवलेल्या कांद्याचा वास. शेषरावजींच्या शर्टाच्या खिशात तर नऊही दिवस कांदा असायचा. पॅन्टच्या खिशात खर्रा.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून फळीवर तळहातानं घोट घोट घोटायचं, आणि मग त्या पन्नीला पीळ देऊन गाठ मारायची. झाली पुडी. ती दिवसभर पुरते. चिमूट गालात धरायची आणि कामाला लागायचं. कॉलेजच्या फाटकाबाहेर पिंपळाखाली जो पानठेला आहे, तिथं सकाळी सव्वादहाला आम्ही दोघं बरोबर उभे असायचो. एक पुडी त्यांची, एक माझी. प्राध्यापक आणि अटेंडंट यांच्यात कॉलेजनं जेवढं अंतर ठेवलं होतं, ते त्या फळीपाशी येऊन संपायचं. ठेलेवाला आधी कोणाची घोटतो, एवढाच प्रश्न उरायचा. तो नेहमी आधी त्यांची घोटायचा.

तेव्हाचं शेषरावजींचं तोंड काय सांगू. गावरान आंबा ते अख्खा आत घालत, ओठ मिटत, डोळे मिटत, आणि दोन मिनिटांनी कोय बाहेर येई ती धुऊन पुसून वाळवल्यासारखी. समोसा आडवा खाणाऱ्यांची त्यांना कीव यायची. त्यांच्या तोंडात तो उभा जायचा, टोक वर. हसले तर प्रयोगशाळेच्या कपाटाच्या काचा थरथरायच्या, आणि बाजूच्या फिजिक्सवाल्यांची वाचनं चुकायची.

आणि माझं तोंड? त्याची ख्याती वेगळी होती. पुड्या सोडण्यात माझा हात धरणारा विद्यापीठात नव्हता. गंभीर चेहरा करून मी असं काही सांगायचो की समोरचा घरी जाऊन बायकोला सांगे आणि बायको त्याला वेड्यात काढी. भाषा किती शहाणी असते पाहा. खर्रा बांधला तरी पुडी, थाप मारली तरी पुडी. एक बांधायची, एक सोडायची. दोन्ही माझ्याजवळ कायम असायच्या.

तिसरी पुडी आमच्याकडे प्रणालीनं आणली.

प्रणाली माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी, काटोलची. बोलणं मोजकं, काम चोख. माझ्यासारख्याच्या हाताखाली ती कशी आली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. तिचा विषय होता जिवाणूंच्या पोटातल्या पेट्या. जिवाणू म्हणजे भिंती नसलेली एकच खोली, असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. सगळा संसार एकाच जागी, स्वयंपाकही तिथंच आणि न्हाणीही तिथंच. पण काही जिवाणूंच्या आत प्रथिनांच्या कवचाच्या चिमुकल्या पेट्या असतात. सहा कोनांच्या फरशा एकमेकींना भिडवून भिंती, आणि जिथं वळण घ्यायचं तिथं पाच कोनांची फरशी. केसाच्या जाडीत अशा पाचसहाशे पेट्या शेजारी शेजारी मावतील. हे मी फुगवून सांगत नाही, हा हिशेब प्रणालीनं तपासलेला आहे. पहिल्यांदा निळ्या-हिरव्या शेवाळात त्या दिसल्या तेव्हा लोकांना वाटलं, जिवाणूला विषाणूंची लागण झाली. ज्याच्यात भिण्यासारखं काही नव्हतं, त्याला लोक भ्याले.

या पेट्यांत एन्झाइम भरलेली असतात. आतड्यातल्या एका जिवाणूचं उदाहरण घ्या, प्रणाली त्याच्यावरच काम करत होती. प्रोपेनडायॉल नावाचा एक पदार्थ तो खातो. खाताना मधल्या टप्प्यावर एक झोंबरं, जहरी रसायन तयार होतं. ते पेशीभर पसरलं तर डीएनएपासून सगळ्याची वाट लागेल. म्हणून हा सगळा उद्योग पेटीच्या आत चालतो. फरशीच्या मधोमध बारीक भोक असतं, त्यातून खाऊ आत जातो. जहर आतच तयार होतं, आणि बाहेर पडायच्या आत शेजारचं एन्झाइम त्याचं साध्या पदार्थात रूपांतर करून टाकतं. कोणतं एन्झाइम पेटीत जाणार, हे कसं ठरतं? तर त्याला एक छोटंसं शेपूट असतं. तोच त्याचा पत्ता. शेपूट कापलं की ते बाहेर भटकत राहतं.

प्रणालीनं मोठ्या सूक्ष्मदर्शकातून काढून आणलेला फोटो भिंतीवर लावला, तो दिवस नवतप्याचा तिसरा की चौथा. लाइट गेलेली. पंखा, कूलर, इन्क्युबेटर, सगळे गप्प. शेषरावजी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन फोटोसमोर उभे राहिले.

“हे काय हाये, सर? हिरे?”

“पुड्या आहेत,” मी म्हटलं. “जिवाणूनं बांधलेल्या. आत जहर आहे.”

बीएस्सीच्या पोरांना जे दोन तासांत समजत नाही, ते त्यांना तेवढ्यात समजलं. खिशातली पन्नी त्यांनी बाहेर काढून फोटोशेजारी धरली. “अशी?”

“अशीच.”

“आन् आतलं इख बाहेर नाही येत?”

“कवच शाबूत आहे तोवर नाही.”

“मंग ज्याच्या पोटात हे हाये, तो मरत नाही?”

“मजेत असतो.”

त्यांचा खर्रा या गालातून त्या गालात गेला. मग हळूच, प्रणालीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले, “सर, माह्या गालाले आतून पांढरं झालं हाये. तिखट खाल्लं का भल्ली आग होते. घरवाली सुमन म्हणते, दवाखान्यात दाखवा.”

या जागी कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, चला, आत्ता जाऊ. माझी स्कूटर खाली उभी होती. दवाखाना पंधरा मिनिटांवर. पण माझ्याही गालात त्याच ठेल्यावरची, त्याच फळीवर, त्याच हातानं घोटलेली चिमूट होती. त्यांना जा म्हणायचं तर मलाही जावं लागलं असतं. मला स्वतःचा आ कोणासमोर करायचा नव्हता.

म्हणून मी पुडी सोडली.

चेहरा गंभीर केला. चष्मा पुसला. फोटोतल्या एका पेटीवर पेन्सिल टेकवली आणि म्हणालो, “शेषरावजी, हे नुसतं आतड्यात नसतं. वीस-पंचवीस वर्षं खर्रा खाणाऱ्याच्या गालातसुद्धा हे जिवाणू तयार होतात. हळूहळू शिकतात ते. खर्र्यातलं जहर असं पुडीत बांधतात आणि जिरवून टाकतात. तुम्हाला पांढरं दिसतं ना, तो त्यांचा थर आहे. नव्या पोरांनी भ्यावं. जुन्या माणसाला काही होत नाही.”

यातला एक शब्द खरा नव्हता. पण थापेला मी खऱ्या फोटोचं कवच घातलं होतं.

प्रणालीनं ऐकलंच. भांडी मांडता मांडता ती थांबली. “सर, काकांना तरी पुड्या नका सोडू.” मग त्यांच्याकडे वळून, “काका, असं काही नसतं. तुम्ही उद्या दाखवून या.”

मी हसलो. मला वाटलं, आता तेही हसतील, काचा थरथरतील, आणि विषय संपेल. ते हसले नाहीत. पन्नीला पुन्हा पीळ दिला, ती खिशात ठेवली आणि म्हणाले, “पोरी, सर शिकलेले हायेत.”

ते ऐकून मला बरं वाटलं होतं. हे लिहिलं नाही तर बाकी सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

पुढचं वर्ष तसं नेहमीसारखंच गेलं. आता आठवतं ते सगळं त्यांच्या तोंडाभोवतीच आठवतं. पावसाळ्यात ठेल्याशेजारच्या टपरीवर तर्री-पोहे घेताना ते म्हणाले, “माह्यात तर्री नको टाकू.” नागपूरचा माणूस पोह्यावर तर्री नको म्हणतो, हे ऐकून अर्धं गाव गप्प व्हायला पाहिजे होतं. मी त्यांची झणझणीत तर्री माझ्या प्लेटमध्ये घेतली. थंडीत संत्र्याची फोड ते आधी चिरून, मग अर्धी अर्धी खायला लागले. मी म्हटलं, “सासरी आल्यासारखे काय लाजून खाता?” जांभई देताना मान वर करत आणि अर्ध्यात थांबत. हसण्याचा आवाज बदलला, जणू दुसऱ्या खोलीतून कोणी हसतं आहे. काचा थरथरायच्या बंद झाल्या. फिजिक्सवाल्यांची वाचनं एकदम बरोबर यायला लागली, आणि मी याच्यावरही एक विनोद रचून स्टाफरूममध्ये सांगितला.

त्याच वर्षी प्रणालीनं जिवाणूच्या कवचाचा जीन काढून टाकला. एन्झाइम सगळी जागेवर, फक्त भिंत नाही. चंबूत घालून प्रोपेनडायॉल दिलं. आधी वाढ झाली, आणि मग ठप्प. दर तासाला ती नळी यंत्रात ठेवायची आणि शेषरावजी आकडा वहीत लिहायचे. तोच आकडा. पुन्हा तोच. जहर सगळ्या पेशीभर पसरलेलं होतं.

“मेले का?” त्यांनी विचारलं.

“नाही काका, थांबलेत. जहर हळूहळू संपेल. ते तग धरून राहिले तर पुन्हा वाढतील.”

दुसऱ्या दिवशी आकडा खरंच सरकला. शेषरावजींना एवढा आनंद झाला की त्यांनी स्वतः जाऊन तिच्यासाठी लस्सी आणली. स्वतःसाठीही आणली, आणि ती स्ट्रॉनं प्यायले. स्ट्रॉ मी पाहिली. त्या वर्षात मी सगळंच पाहिलं. पाहायला माझे डोळे कधीच कमी पडले नाहीत.

मग पुढचा नवतपा आला. एका सकाळी ठेल्यावर त्यांनी खर्र्याची चिमूट तोंडाशी नेली आणि ती ओठांवरच सांडली. आत गेलीच नाही. शर्टावर, खिशातल्या कांद्यावर, फळीवर. ठेलेवाला फडकं घेऊन थांबला. त्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर बसवलं आणि त्या कूलरसमोर नेलं. डॉक्टर ओरडला, त्यांनी आ केला, पुढचं वर सांगितलंच आहे. एवढंच सांगायचं राहिलं की गालाच्या मागच्या बाजूला, जिथं दीड बोटातून दिसत नव्हतं, तिथं गाठ होती. सहा महिने आधी आले असते तर वेगळं बोललो असतो, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला. तेव्हा तो ओरडत नव्हता. कूलर चालू असूनही मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

त्याच खुर्चीवर मग मीही बसलो. तीन बोटं उभी गेली. गाल साफ. एकाच ठेल्यावरचा खर्रा आणि दोन गाल, याचं कारण डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी खर्रा सोडला. यात माझं काही कौतुक नाही. माझ्या वाट्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी भरली होती, आणि ती पाहून मला तलफ येणं बंद झालं.

त्यांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. प्रणालीचा प्रबंध पूर्ण झाला, ती दूर नोकरीला लागली. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर पहिलं नाव शेषरावजींचं आहे, माझं चौथं. बरोबर आहे.

या नवतप्यात मी सक्करदऱ्याच्या तलावावरून दोनदा गेलो. पाणी आटून हिरवंगार झालं आहे, काठाला त्याच निळ्या-हिरव्या शेवाळाची जाड साय धरली आहे. त्या हिरव्यातल्या प्रत्येक पेशीत पुड्या आहेत. तिथं आत जहर नसतं, एक आळशी एन्झाइम असतं. हवेतला कार्बन बांधायचं एवढं मोठं काम त्याच्याकडे, पण गडी मुलखाचा मंद, शिवाय कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजनलाच धरून बसतो. म्हणून त्याला पेटीत कोंडून त्याच्यासमोर फक्त कामाचीच वस्तू ठेवायची. मला ते एन्झाइम फार ओळखीचं वाटतं. मलाही कोणी तरी वेळीच असं कोंडायला पाहिजे होतं. घाणेरड्या पाण्यातली साय, पण कोणती गोष्ट कुठं बंद ठेवायची आणि कुठं सोडायची, हे तिला उपजत कळतं. तिच्या पेटीतल्या एन्झाइमच्या शेपटावर पत्ता लिहिलेला आहे. मी आयुष्यभर ज्या पुड्या सोडल्या, त्यातल्या एकीवरही पत्ता नव्हता.

ठेला अजून तिथंच आहे. त्याच्यासमोरून जाताना मी स्कूटर हळू करत नाही, आणि तिथं कोण काय बोलतं ते कानावर पडू नये म्हणून उगाच हॉर्न वाजवत जातो. त्याचं कारण त्यांच्या घरी झालेल्या शेवटच्या बोलण्यात आहे.

ऑपरेशन होऊन ते घरी आले होते. सक्करदऱ्याच्या तलावामागे दोन खोल्या. मृग लागला होता, पण आभाळ कोरडं ठक्क. अर्धा जबडा काढलेला, मांडीतलं मांस घेऊन गाल शिवलेला. सुमनबाई त्यांना चमच्यानं आमरस पाजत होत्या; गाळणीतून दोनदा गाळलेला, पाण्यासारखा. ज्या तोंडातून कोय वाळून बाहेर यायची त्या तोंडात अर्धा चमचा जात होता, आणि त्यातलाही थोडा हनुवटीवरून ओघळत होता.

“या सर, बसा,” सुमनबाई म्हणाल्या. “बोलते आता थोडं थोडं. सावकास ऐकावं लागते, बस.”

मी बसलो. हवापाण्याचं बोललो. कॉलेजातल्या दोन गमती सांगितल्या, दोन्ही खोट्या. त्यांनी डोळ्यांनी दाद दिली. मग सुमनबाई वाटी विसळायला आत गेल्या, आणि मी खुर्ची जवळ ओढली.

“शेषरावजी,” मी म्हटलं, “त्या फोटोसमोर मी तुम्हाला सांगितलं होतं ना, गालातल्या जिवाणूचं. जुन्या खाणाऱ्याला काही होत नाही म्हणून. ते खरं नव्हतं. ती पुडी होती. मी सोडली होती.”

त्यांनी हनुवटीवरचा रस टॉवेलनं टिपला. शिवी दिली असती तरी चाललं असतं, रडले असते तरी चाललं असतं. सर, मले माहीत होतं, असं म्हणाले असते तर मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एखादा आकडा वहीत लिहायच्या आधी यंत्राकडे पाहायचे तसे. मग उरलेल्या तोंडानं, एकेक शब्द वेगळा करून म्हणाले,

“मी तं साऱ्या ठेल्यावर सांगून टाकलं, सर.”